खालून येणारी थंडी

आमच्या पिढीत स्वतःची गादी कुणालाच नव्हती. ताटवाटी ज्याची त्याची असायची, दप्तर थोरल्याचं धाकट्याकडे आलेलं का असेना पण नावावर असायचं. अंथरूण मात्र घराचं. संगमनेरच्या आमच्या घरात माजघराच्या कोपऱ्यात घडवंचीवर अंथरुणांची चवड रचलेली असे. तळाला गाद्या, त्यावर सतरंज्या, मग गोधड्या, सोलापुरी चादरी आणि सगळ्यात वर उशा. रात्री जेवणं उरकून फरशी पुसून झाली की ती चवड उतरायची आणि बघता बघता माजघरापासून ओसरीपर्यंत जमीन दिसेनाशी व्हायची. सुट्टीत आत्या-मावश्यांची मुलं आली की गाद्या आडव्या टाकायच्या. म्हणजे दोन गाद्यांवर पाचसहा जणांच्या पाठी मावत, पाय सतरंजीवर. कोण कुठे झोपणार हे आजी ठरवी. आजारी आणि तान्हं मध्ये, धडधाकट कडेला. त्या निकालावर अपील नसे.

खाली शहाबादी फरशी. उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही उघड्या पाठीने तिच्यावर लोळायचो. पण पौषात प्रवरेवरून वारा सुटला की त्याच फरशीवर पाय टेकवत नसे. अशा रात्री कुणी "आजी, थंडी वाजते" म्हणून आणखी एक पांघरूण मागितलं तर ती गोधडी घेऊन यायची, मागणाऱ्याला कुशीवर वळवायची आणि गोधडी अंगाखाली सारायची. "थंडी खालनं येते रे," एवढंच स्पष्टीकरण. पुन्हा पाठीवर वळलं की पाचदहा मिनिटांत डोळा लागायचा, त्यामुळे वाद घालायला कुणी जागं राहत नसे.

गेल्या दिवाळीत भाची फुगवायच्या दोन गाद्या घेऊन आली आणि हे सगळं निघालं. डिसेंबरात उत्तराखंडात केदारकंठ्याला जायचं होतं. शिखराची उंची साधारण ३,८०० मीटर, त्या दिवसांत मुक्काम बर्फावर, आणि भाची व तिच्या मैत्रिणी सगळं सामान स्वतःच्या पाठीवर नेणार. ट्रेकिंग कंपनीबरोबर गेलं तर तंबूत चटया मिळतात. यांना ते नको होतं. एक गादी नवी कोरी, परत करायची मुदत असलेली. दुसरी मैत्रिणीची उसनी. "मावशी, मला तुमचं मत नकोय गं, मला तुमची फरशी हवीय," ती म्हणाली. तिच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये सगळीकडे लाकडासारखं दिसणारं काहीतरी बसवलेलं आहे, त्याच्यावर थंडीची परीक्षा होत नाही. मत मागितलं नव्हतं म्हणून आम्ही भावंडांनी ते भरभरून दिलं.

हवेवर झोपणं आमच्या घराला नवीन नव्हतं. वडिलांकडे प्रवासातली हवेची उशी होती. रबर चढवलेलं चौकड्याचं कापड, कोपऱ्यात फिरकीची तोटी. ती फुगवायचा मान कुणाला यावरून एसटीतच भांडणं सुरू होत. तोंड लावलं की रबराची कडवट चव जिभेवर येई आणि नाशिकरोड येईपर्यंत जात नसे. ती रात्रीतून हळूहळू बसायची. सकाळी वडिलांची मान एका बाजूला कललेली आणि उशीचा पापड झालेला. मग ती पाण्याच्या बादलीत दाबून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, तिथे पेनाने खूण करायची आणि सायकलवाल्याकडून सोल्युशन लावून ठिगळ मारून आणायचं. भाचीच्या नव्या गादीच्या पिशवीत बोटाएवढी ट्यूब आणि गोल ठिगळं निघाली तेव्हा दादा इतका खूश झाला की गादीपेक्षा तेच बघत बसला. उपायही तोच: पाण्यात बुडवा किंवा साबणाचा फेस चोळा, बुडबुडा दिसेल तिथे सुकवून ठिगळ लावा.

त्या उशीचा जोडीदार म्हणजे होल्डॉल. खाकी कॅनव्हासचा, चामडी पट्ट्यांचा, दोन्ही टोकांना खिसे. एका खिशात उशी, दुसऱ्यात चपला, टॉवेल आणि वाटेत लागेल म्हणून ठेवलेलं पण कधीच न सापडणारं सगळं. मधल्या भागात घरची गादी गुंडाळलेली. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर तो उलगडला की बिऱ्हाड मांडलं गेलं. तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला, पण दुसऱ्या वर्गाची बाकं लाकडीच होती. त्यांच्यावर दोन इंचांचा फोम आला तो मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, म्हणजे १९७७ ते १९७९ या काळात. दंडवते मूळचे आमच्या नगरचे, त्यामुळे वडील ही गोष्ट घरचं कार्य सांगावं तशी सांगत. आमच्या घरातला होल्डॉल त्यानंतर माळ्यावर गेला. माझ्या मते या देशात सर्वांत जास्त पाठींना सुख दिलेली गादी ती, दोन इंचांची.

गाद्यांची उस्तवार मात्र मोठी. वैशाखात पिंजारी यायचा. अंगणात जुनी गादी उसवून आतला कापूस काढला की तो ओळखू यायचा नाही. राखाडी, गोळे झालेला, मधोमध खड्डा पडलेल्या जागचा तर दगडासारखा घट्ट. पिंजारी आपली उंच धनुकली टांगायचा, आतड्याची ताणलेली तात कापसात धरायचा आणि लाकडी मुठळ्याने तिच्यावर ठोका द्यायचा. तातेचा तो घुमणारा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. प्रत्येक ठोक्याला कापूस उडायचा, सुटा व्हायचा, आणि मूठभर गोळ्याचा ढीग होऊन बसायचा. दुपारपर्यंत त्याच्या भुवया, पापण्या, मिशा सगळं पांढरं. नवं तिकाटणं भरून, काठीने झोडपून, मधेमधे टाके घालून गादी तयार झाली की ती दुप्पट उंच दिसे. वजन तेच, कापूस तोच. पहिल्या रात्री तिच्यावर झोपायला मारामारी, आणि दिवाळीपर्यंत ती पुन्हा दबलेली.

हा दबलेपणाच आताच्या या फुगवायच्या गादीच्या मुळाशी आहे. ऊब कापसात नसते, पिसांतही नसते. त्यांच्यात अडकून बसलेल्या हवेत असते. कितीही महागाची स्लीपिंग बॅग घ्या, आपण तिच्यावर आडवे झालो की पाठीखालचा भाग चिरडतो आणि तिथली हवा निघून जाते. वरच्या बाजूने माणूस उबेत आणि खालून जमीन त्याची ऊब ओढून घेते. म्हणूनच हल्ली वजनाला जपणारे गिर्यारोहक बॅगेऐवजी तळ नसलेली दुलई घेतात. खालची पिसं नाहीतरी उपयोगाची नसतात, तर ती वाहायची कशाला? पाठीखालची जबाबदारी सगळी गादीची.

दादा पहिला उसन्या गादीवर आडवा झाला. चार इंच जाड, मऊ, दिसायला तीच ऐसपैस. अर्ध्या तासात उठला आणि म्हणाला, "गार लागतंय." भाचीने लगेच वहीत लिहून घेतलं. तिच्यात नुसती हवा होती. आपण कूस बदलली की आतली हवा या टोकाची त्या टोकाला जाते, आणि वरच्या कापडाची ऊब खालच्या गार कापडाकडे सरळ पोचते. मध्ये अडवणारं काही नाही. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक फुगवायच्या गाद्या अशाच. चांगल्या गादीत पोकळीचे बारीक कप्पे केलेले असतात. कुणी आत कृत्रिम तंतू भरतं, कुणी पिसं, तर कुणी चकचकीत पापुद्र्यांचे पडदे घालतं, ते उष्णता परत अंगाकडे फेकतात. दुसऱ्या गादीत असे पडदे होते. जाडी तीनच इंच, वजन अर्ध्या किलोच्याही आत, गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी. तिच्यावर आत्या तासभर पडली आणि तिला उठवावं लागलं.

भाचीच्या भाषेत याला आर-व्हॅल्यू म्हणतात. उष्णतेला गादी किती अडवते त्याचा हा आकडा, जितका मोठा तितकी गादी उबदार. मोजायची रीत अगदी सरळ आहे: एक तापवलेली पाटी, एक थंड पाटी, मध्ये फुगवलेली गादी, आणि वरची पाटी त्याच तापमानाला ठेवायला किती वीज लागते ते बघायचं. पूर्वी ज्याची त्याची रीत वेगळी, त्यामुळे एका कंपनीचा पाच आणि दुसरीचा पाच यांचा मेळ बसत नसे. २०१८ साली एएसटीएम या अमेरिकी संस्थेने त्याचं एक प्रमाण ठरवलं आणि मोठ्या कंपन्यांनी पुढच्या दोनेक वर्षांत ते उचललं. दोनच्या आसपासचा आकडा आपल्या सह्याद्रीतल्या हिवाळ्याला पुरे. चारच्या आसपासची गादी हिमालयात बर्फ नसलेल्या ऋतूत चालते. बर्फावर झोपायचं तर पाच किंवा वर. आकडा छापलेलाच नसेल तर ती गादी पोहण्याच्या तलावासाठी समजावी. आणि यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे हे आकडे एकमेकांत मिळवता येतात. दोनची चटई खाली आणि चारची गादी वर म्हणजे सहा. हे ऐकल्यावर आम्ही सगळे एकदम आजीवर आलो. गोधडी खाली सारताना ती ही बेरीजच करत होती.

गोधडीचं गणितही हवेचंच. जुन्या नऊवारी लुगड्यांचे थर, चौफेर बारीक धावदोरा, आणि प्रत्येक दोन थरांमध्ये अडकलेली थोडी थोडी हवा. घोंगडीचं त्याहून बरं, कारण लोकर दबली तरी पुरती चपटी होत नाही आणि दमट झाली तरी ऊब टिकवते. नवी घोंगडी चिंचोक्याची खळ लावलेली असल्याने पत्र्यासारखी ताठ असे, अंगाला टोचे, आणि पावसात भिजली की तिचा वास घरभर. आमच्या घरात कौतुकाने ती कुणी घेत नसे, पण शेतावर राखणीला जाताना गडी आणि गडावर जाताना दादा, दोघंही तीच मागत.

गडावर म्हणजे हरिश्चंद्रगडावर. आमच्या बाजूची मुलं राजूरमार्गे पाचनईला जात आणि तिथून चढत. देवळाशेजारच्या गणेश गुहेत मुक्काम. तेव्हा सॅक कुठली, खताचं पोतं दोरीने पाठीला बांधलेलं आणि त्यात घोंगडी, चादर, तांदूळ, कांदे. आम्हा मुलींना मुक्कामाला जायची परवानगी कॉलेजात गेल्यावर मिळाली, तीही दादा बरोबर असण्याच्या अटीवर. त्या वेळी पाचनईतल्या एका घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी आमच्याकडे, मग आमच्या चादरींकडे बघितलं आणि न मागता भाताच्या पेंढ्याचे दोन भारे मुलांच्या डोक्यावर दिले. "दगडावर निजाल व्हय?" गुहेत तो पेंढा वीतभर पसरला, वर घोंगड्या टाकल्या, आणि बाहेर गवतावर दहिवर पडत असताना आम्ही शाली बाजूला सारून झोपलो. पोकळ काड्यांत हवा, काड्यांच्या मध्येही हवा. पाठीवर वाहून न्यायची सोय असती तर पेंढ्याला तोड नव्हती.

सॅकला बांधलेल्या फोमच्या चटया, ट्रेकर मंडळींच्या कॅरीमॅट, आमच्याकडे नंतर आल्या. फुगणारी गादी तर त्याहून उशिरा कानावर आली, जरी ती जन्माने आमच्या शाळेच्या दिवसांतली. सिएटलमध्ये बोईंग कंपनीने १९७१च्या मंदीत माणसं कमी केली, त्यांत जिम ली आणि नील अँडरसन हे दोन इंजिनिअर होते. दोघेही डोंगरात भटकणारे. बागेत गुडघ्याखाली घेतलेल्या फोममधून हवा जाते-येते हे पाहून, त्या फोमला हवाबंद कापड आणि तोटी लावली तर काय होईल असा विचार निघाला. जॉन बरोज हा तिसरा भिडू धरून १९७२ साली कंपनी निघाली आणि थर्मारेस्ट नावाची, तोटी उघडली की आपोआप फुगणारी गादी बाजारात आली. फोम असलेल्या या गाद्या आजही मिळतात. टिकाऊ, आवाज न करणाऱ्या, पण पाठीवर नेणाऱ्याला जड आणि गुंडाळी मोठी. गाडीपासून तंबू जवळ असेल तर मी तीच घेईन.

पातळ पापुद्र्यांच्या गादीची खोड म्हणजे आवाज. आत्याने कूस बदलली की वेफर्सची पिशवी चुरगाळल्याचा भास. काकाने दुसऱ्या खोलीतून विचारलंही, फराळाचं काय उघडलंत? तंबूत शेजारी झोपलेल्याचा विचार करणाऱ्याने ही परीक्षा दुकानातच करावी. रुंदीचीही. नेहमीची गादी ५१ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे उताणं झोपलं की कोपरं बाहेर. ६४ सेंटिमीटरची घेतली तर थोडं वजन वाढतं, पण झोप लागते. लांबीत १८३ सेंटिमीटर हे सर्वसाधारण माप. अंथरूण पाहून पाय पसरायचे दिवस गेले, आता पाय मोजून अंथरूण मागवायचं. कुशीवर झोपणाऱ्याने तीन इंचांपेक्षा कमी जाडी घेऊ नये. खुबा जमिनीला लागतो.

पण नुसती जाडी पुरत नाही, हवा किती भरायची हेही कळावं लागतं. भाचीने गादी इतकी गच्च फुगवली होती की बोट मारलं तर टणटण वाजावं. हे मात्र घरातल्या बायकांना आधीपासून ठाऊक होतं. आजी शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा भाड्याने एअर बेड आणला होता, आणि रोज येणाऱ्या सिस्टरबाईंनी पहिल्याच दिवशी त्यातली हवा कमी केली होती. गच्च गादीवर अंग वर तरंगतं आणि सगळा भार खांद्यांवर, ढुंगणावर, टाचांवर येतो. हवा थोडी कमी असली की गादी अंगाला धरून बसते. ताईने भाचीला कुशीवर झोपवलं, तिच्या खुब्याखाली हात घातला आणि तोटी सोडली. खुबा जमिनीपासून दोन बोटं राहिला तेव्हा थांबवलं. "आता बघ." भाची गप्प झाली, हे आमच्या घरात मोठं प्रशस्तिपत्र.

बाकीच्या गोष्टी तिला माहीत होत्या आणि तिने आम्हाला सांगितल्या. तोंडाने फुगवायची नाही, श्वासातली वाफ आत साठून बुरशी धरते आणि बर्फात गोठते; सोबत पातळ कापडाची पिशवी येते, तिच्यात हवा पकडून ती आत ढकलायची. संध्याकाळी भरलेली गादी रात्री मऊ पडली तर भोक शोधत बसायचं नाही. गार झाली की हवा आकसते, निजताना थोडी भर घालायची.

ती आणखी एक गोष्ट बोलून गेली, ती माझ्या डोक्यात राहिली. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतात. सुखाने झोप लागण्याचं तापमान बाईच्या अंगावरून ठरवतात आणि जेमतेम तग धरण्याचं पुरुषाच्या, कारण बायकांना साधारणपणे लवकर थंडी वाजते. काही कंपन्या बायकांच्या गादीत जास्त ऊब भरतात. हे ऐकून मला आईचं अंथरूण आठवलं. सगळ्यांचं घालून झाल्यावर उरेल ते तिचं. बहुतेक रात्री ती एक सतरंजी असे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, जिथून पहाटे उठून कुणाला न तुडवता चुलीकडे जाता येई. गादीवर झोपलेली आई मला बाळंतपणं सोडून आठवत नाही. आजीचा नियम आजारी आणि तान्ह्यांसाठी होता. सुना धडधाकटांत मोडत. आम्ही त्या आडव्या गाद्यांची मजा अजून सांगतो, पण ताई म्हणाली तेच खरं, मजा मधल्यांना होती.

शेवटी उसनी गादी परत गेली. नवी भाचीने ठेवली, तिचा आकडा साडेचार. तिच्याखाली घालायला आर-व्हॅल्यू दोनची फोमची घडीची चटई घेतली. बेरीज साडेसहा, वजन चारशे ग्रॅमनी वाढलं. ते वजन वाहावं असं मीही म्हटलं. खडा-काटा लागून वरची फुसकी झाली तर बर्फावर निदान ती चटई तरी राहते, आणि दिवसा जेवायला बसायलाही तीच.

दादाला मात्र ती तीन इंची गादी मनापासून आवडली. भाऊबीजेच्या दुपारी तो तिच्यावर घोरत होता, उठल्यावर म्हणाला, पाठ इतकी हलकी कित्येक वर्षांत लागली नाही, एक माझ्यासाठी मागवा, रुंद मापाची. वहिनी म्हणाली, "मागवा की. पण आधी कुणाचा हात न धरता जमिनीवरून उठून दाखवा." तो प्रयोग अजून व्हायचा आहे.